मोजून बाद

कापड मोजणाऱ्या मुलीने "दहा" म्हटलं आणि विल्फ्रेड पास्कोने डोळे मिटून घेतले. पुढे काहीच झालं नाही. मुलीने कात्री चालवली, मांजरपाट सरसर कापला गेला, गिऱ्हाईक बाईने पिशवी उघडली, आणि मर्सर अँड डॉल या दुकानाचा तळमजला सोमवारी सकाळी जसा चालतो तसाच चालत राहिला. डोळे उघडल्यावर त्याने आधी कोट खाली ओढून सारखा केला आणि मग त्या मुलीकडे तुच्छतेने पाहिलं. तुच्छतेने पाहणं ही त्याची नोकरीच होती. काळा कोट घालून, हात मागे बांधून, रिबिनींपासून मोज्यांपर्यंत आणि मोज्यांपासून रिबिनींपर्यंत फिरायचं, आत आलेल्या बाईपुढे कमरेत किंचित वाकायचं, "मॅडम, इकडे" म्हणत तिला हव्या त्या टेबलाशी नेऊन सोडायचं, आणि टेबलामागच्या मुलींना नजरेनेच असं सोलायचं की त्यांनी दुपारच्या चहापर्यंत जांभई देऊ नये. मेलबर्न शहरात हे काम त्याच्याइतकं चांगलं कुणाला जमत नव्हतं, असं त्याचं मत होतं, आणि मत विचारायला तो दुसऱ्या कुणाकडे गेला नव्हता. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने तर शपथेवर सांगितलं होतं की पास्कोने एकदा लेसच्या गठ्ठ्याकडे अशी नजर टाकली की लेस आपोआप इस्त्री झाली. पण आज त्या नजरेत काहीतरी सैल पडलं होतं. मोज्यांच्या टेबलाशी एक पोरगी जोड्या मोजत होती, बटणांच्या टेबलाशी दुसरी डझन लावत होती. या दुकानात सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणी ना कुणी मोजतच असतं, हे इतक्या वर्षांत त्याच्या कानांनी कधी मनावर घेतलं नव्हतं. आता सात ऐकलं की मान आखडायची. आठला तळहात ओले. नऊला तो दुसऱ्या टेबलाकडे वळायचा, आणि तिथे कुणीतरी सहापर्यंत आलेलं असायचं.

शनिवारी तो बाद झाला होता. मुष्टियुद्धाच्या तंबूत खाली पडलेल्या गड्यावर वाकून पंच दहा मोजतो. तोवर उठला तर ठीक, नाहीतर बाद. या शहरातल्या कार्ट्यांनी ती रीत तिथून उचलली आणि नावडत्या माणसाला लावली. निवडणुकीतल्या वक्त्याला लावली, ट्रामच्या कंडक्टरला लावली, एकदा म्हणे चर्चच्या दारात एका बिशपला लावली, आणि बिशप नवाला गाडीत बसला म्हणून दहाला वाचला. वाईट एवढंच की इथे माणूस खाली पडलेला नसतो. तो चांगला उभा असतो, बूट चकचकीत, मिशा वळलेल्या, आणि त्याच्यावर मोजतात. आणि पास्को तर शनिवारी कॅप्टन असायचा. कायदाच झाला होता तसा: बारा वर्षांची पोरं शाळेत मास्तरांच्या हाताखाली काठ्या घेऊन कवायत करणार, आणि चौदाच्या वरची, शाळेत असोत नाहीतर नुकती कामाला लागलेली, सरकारी खाकी अंगात घालून, आखूड बंदुका खांद्यावर टाकून, दर शनिवारी कॅप्टनच्या हाताखाली. न येणाऱ्याला कोर्ट. साम्राज्याला म्हणे सैनिक हवे होते. पास्को आपल्या कंपनीकडे पाहायचा तेव्हा त्याला साम्राज्याची कीव यायची. काय ती पलटण! मटणवाल्याचं पोरगं, लोहाराचं पोरगं, नाकातून वाहणारं एक कारकुनाचं पोरगं. कुणाची विजार गुडघ्यावर, कुणाची टोपी कानांवर अडकल्यामुळेच खाली न आलेली. डावीकडे वळा म्हटलं की निम्मी उजवीकडे वळत आणि एकमेकांच्या तोंडाला तोंड लागून खिदळत. जर्मन आले तर ही सेना पाहून हसून हसून मरतील, असं तो बायकोला म्हणायचा, आणि आयडा विणता विणता म्हणायची, "मग बरंच आहे की रे, विल्फ. गोळ्या वाचतील."

बायकोला त्याने ते कधी माफ केलं नाही. तिने पाहिलं होतं ना, कॅप्टन कसा झाला ते. तो लढाईवर कधी गेला नव्हता. आफ्रिकेच्या लढाईत शेजारचे दोघे गेले, त्यातला एक परत आला आणि आजतागायत दारूच्या गुत्त्यात फुकट पितो. पास्को तेव्हा रिबिनींच्या टेबलाशी होता आणि खाकी रिबिनीचा खप एवढा वाढला होता की त्याला वाटलं आपलंही काही योगदान आहेच. मग कायदा आला, अधिकारी कमी पडले, परीक्षा निघाली. पुस्तक पाठ करण्यात तो पहिल्यापासून हुशार. उरला तो आवाज. दुकानात पंधरा वर्षं हळू बोलून त्याचा गळा लोण्यासारखा झाला होता, आणि हुकूम लोण्याने देता येत नाही. म्हणून तो परसातल्या धुण्याच्या खोलीत शिरून, दार लावून, तांब्याच्या मोठ्या भांड्यात तोंड घालून ओरडायला शिकला. शेजाऱ्यांच्या कोंबड्यांनी तेव्हा अंडी देणं सोडलं होतं, आणि पुढे पुन्हा सुरू केलं तेव्हा अंडी चौकोनी निघाली, असं ते शेजारी अजून सांगतात. आयडाने भांड्याला पोचा आला म्हणून तक्रार केली. क्लेम तेव्हा लहान होता. दाराबाहेर उभं राहून तो बापाचा प्रत्येक हुकूम पाळायचा, एकटाच, धुण्याच्या दोरीखाली. वळ म्हटलं की वळायचा, थांब म्हटलं की थांबायचा. एकदा आतून पुढचा हुकूम यायला उशीर झाला तर पोरगं चालत चालत कुंपणाला जाऊन धडकलं आणि नाकातून रक्त काढून घेतलं, पण थांबलं नाही. पास्कोला त्या दिवशी कौतुक वाटायला हवं होतं. वाटला तो कंटाळा. भाताच्या खिरीसारखं पोर आहे हे, त्याच्या मनात आलं. ज्या वाडग्यात ओताल त्या वाडग्याचा आकार.

आणि शनिवारी चूक कुणाची होती? पोरांचीच. फुटबॉलची उपांत्य फेरी होती, त्यांच्याच उपनगराची टीम इतक्या वर्षांनी तिथवर पोचली होती, आणि मैदान होतं कवायतीच्या माळाला लागून, रेल्वेच्या भरावापलीकडे. कवायत वेळेवर संपली असती तर पोरांना उत्तरार्ध तरी मिळाला असता. पण ती वळताना चुकली. पास्कोने पुन्हा वळवलं. पुन्हा चुकली. भरावापलीकडून एक आरोळी उठली, चाळीस हजार माणसांची, छातीत धक्का बसावा अशी, आणि सगळ्या कंपनीची मुंडकी एकदम तिकडे फिरली. हुकमाशिवाय. पहिल्यांदाच सगळी एका वेळी, एका दिशेला, अगदी पुस्तकात आहे तशी. ते पाहून पास्कोच्या डोक्यात काहीतरी सटकलं. ज्या आवाजाला पोरं वळली तो त्याचा नव्हता. "कळेपर्यंत इथेच राहाल," तो म्हणाला, आणि त्यांना राहायला लावलंच. बंदूक खांद्यावर, बंदूक खाली, खांद्यावर, खाली, उत्तरेच्या वाऱ्याने धूळ उडत होती, पलीकडे आरोळीवर आरोळी, आणि इकडे लोहाराच्या पोराच्या गालावरून पाणी वाहत होतं, आणि ते घामाचं नव्हतं. शेवटची आरोळी कुणाची, जिंकल्याची की हरल्याची, हे माळावरच्या एकालाही कळलं नाही. मग गर्दी भरावावरून सांडायला लागली तेव्हा पास्को समाधानाने पाठ फिरवून आपली छडी उचलायला गेला.

पहिला "एक" मागच्या रांगेतून आला. फुटक्या आवाजातला. सुरू झाला पुरुषाचा आणि संपला बाईचा, मधे कुठेतरी भांड्याला पोचा यावा तसा. मग "दोन", तोवर वीस जण होते. "तीन"ला सगळी कंपनी. तो गर्रकन वळला, तर समोर पुतळे. टाचा जुळलेल्या, हनुवट्या वर, बंदुका सरळ, ओठ मिटल्यात जमा, आणि त्या मिटल्या ओठांतून आकडे येत होते, एका तालात, एका दमात. इतकी एकसंध, इतकी ताठ कंपनी त्याने जन्मात पाहिली नव्हती. आणि लाज अशी की पाचाला की सहाला त्याला क्षणभर अभिमान वाटला. माझीच आहे ही. मग भरावावरची गर्दी थांबली आणि तीही मोजायला लागली, बाप्ये, बाया, कडेवरची पोरं, आणि "दहा"नंतरचं "बाद" एवढं मोठं झालं की चामड्याच्या कारखान्यावरच्या सीगल पक्ष्यांनी आभाळ बदललं.

माळाच्या कडेला सायकल धरून लेफ्टनंट बिकल उभा होता. हा या भागाचा अधिकारी. कवायत चुकवणारी पोरं घरोघर जाऊन शोधायची आणि कोर्टात उभी करायची, एवढंच याचं शौर्य. तरुण होता, कानांच्या पाळ्या लाल होत्या, आणि पास्कोच्या मते त्याच्यात आणि कुत्री पकडणाऱ्या गाडीवाल्यात फरक एवढाच की गाडीवाल्याकडे गाडी होती. बिकलने खिशातून पेन्सिल काढली आणि म्हणाला की हा बेशिस्तपणा नाही, बंड आहे, आणि बंडाला तोंड लागतं. सुरू कुणी केलं? नाव द्या, एक पुरे. पास्को म्हणाला, "गॉरी."

ते नाव तोंडातून कसं आलं हे तो सोमवारी रिबिनी आणि मोज्यांमध्ये फिरत पुन्हापुन्हा तपासत होता, एखादी गाठ दाताने सोडवावी तसं. लेन गॉरी कॉर्पोरल होता. पास्कोनेच त्याच्या बाहीवर पट्ट्या चढवल्या होत्या, कारण त्याशिवाय ती तुकडी जागची हलत नसे. आयरिश, बापाचा पत्ता नाही, आई जॅमच्या कारखान्यात. पोरगं हळू बोलायचं. "चला रे," एवढंच, शेजारच्याशी बोलावं तसं, आणि तुकडी चालायची. तांब्याच्या भांड्यात तोंड घालून त्याला कधी काही शिकावं लागलं नव्हतं. तर नाव आलं ते असं आलं. आणि आवाज? बिकलच्या कागदावर लिहिलं होतं, कॅप्टनने आवाज ओळखला. ओळखला होताच. अगदी पहिल्याच अक्षराला ओळखला होता. घरात सहा महिने तोच आवाज चहा मागत होता, प्रार्थना म्हणत होता, गुड नाइट म्हणताना मधेच पोचा पडत होता. पण चौदा वर्षांच्या सगळ्याच पोरांचे आवाज फुटतात, पास्कोने स्वतःला सांगितलं, आणि सांगता सांगता बटणांच्या टेबलाशी एका बाईपुढे कमरेत वाकला. "मॅडम, इकडे."

बाईच्या हातांना कोपरापर्यंत रास्पबेरीचा रंग चढलेला होता, घासून न जाणारा. ती हलली नाही. तिला काही घ्यायचं नाही, ती म्हणाली, आणि त्याला कॅप्टनसाहेब म्हणाली.

"इथे मला मिस्टर पास्को म्हणतात, मॅडम."

"आणि मला मॅडम कुणी कुठेच म्हणत नाही. म्हणून थोडा वेळ म्हणत राहा, बरं वाटतंय कानाला. मी लेनची आई."

वरच्या गॅलरीतून डॉलसाहेबांचा पुतण्या खाली पाहत होता. पास्कोने हात मागे बांधले. बाई आवाज न चढवता बोलत होती, पोरगं कुणावर गेलं ते कळत होतं. तिचं म्हणणं असं की लेनचा घसा गेला आठवडाभर बसला होता. हंसाची चरबी चोळून, फ्लॅनेल गुंडाळून त्याला कवायतीला पाठवला, कारण नाही पाठवला तर बिकल सायकलवर हजर. त्याला आवाजच नव्हता. शनिवारी माळावरून आला तो तसाच चर्चमध्ये पापं सांगायला गेला, तिथल्या कबुलीच्या खोपटात गुडघे टेकले, तोंड उघडलं, आणि आतून नुसती हवा. पाद्रीबाबांनी बराच वेळ कान लावला आणि शेवटी अंदाजानेच प्रायश्चित्त दिलं.

"थोडं जास्तच दिलं म्हणतो," ती म्हणाली. "पण पोरांना थोडं जास्त दिलेलं वाया जात नाही."

पास्को म्हणाला की असं असेल तर पाद्रीबाबांना साक्षीला बोलवावं. म्हणताना त्याला मोठी सुटका वाटली. ही गोष्ट आता एका झग्यावाल्याच्या अंगावर टाकता येईल. बाईने त्याच्याकडे पाहिलं, लहान मुलाने भलतंच काही विचारावं तसं. मग तिने सांगितलं की तीही तेच विचारायला गेली होती. पाद्रीबाबा रडकुंडीला आले, पण त्या खोपटात जे झालं ते बाहेर सांगता येत नाही. काय ऐकलं तेही नाही आणि काय ऐकू आलं नाही तेही नाही. उद्या त्यांना फासावर चढवलं तरी नाही. "तुम्हा प्रोटेस्टंटांकडे असलं काही नसतं, मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुम्ही लोक पापं घरीच ठेवता."

मग तिने जे सांगायला आली होती ते सांगितलं. बुधवारी कोर्ट. बिकल किल्ल्याची भाषा करतो, खाडीच्या तोंडावरच्या, तिथे पोरांना कोंडतात आणि तोफा घासायला लावतात. लेन नुकताच छापखान्यात उमेदवार लागला होता. मालक माणूस बरा, पण किल्ल्यावर गेलेलं पोरगं तो परत घेणार नाही, तसं त्याने स्पष्ट सांगितलंय. आणि लेन काही बोलत नाही. कोण होता म्हणून विचारलं की भिंतीकडे तोंड करतो. "मागून आला आवाज, एवढंच एकदा बोलला, तेही लिहून. आता त्याच्या मागे तुम्ही कुणाला उभं करता ते मला कसं माहीत असणार, कॅप्टनसाहेब. मी बाईमाणूस. तुम्ही तेवढं आठवून बघा."

तिला माहीत होतं. डॉलसाहेबांच्या पुतण्याने जिन्याची पहिली पायरी उतरली तशी तिने चटकन टेबलावरचा बटणांचा एक पुठ्ठा उचलला, मुलीपुढे नाणं ठेवलं, आणि जाता जाता हळूच म्हणाली की त्याची नोकरी तिला नको, तिच्याकडे स्वतःची आहे. काळी बटणं होती, प्रेताला घालायच्या कोटाची. पास्को तिच्या पाठीकडे पाहत राहिला. अडाणी बाई, तो मनात म्हणाला. शब्द मनात नीट बसेना. पुन्हा म्हणाला, अडाणी, जॅमची बाई, आणि त्याला एकदम रास्पबेरीचा वास आला, इतका गोड, इतका दाट, की त्या वासात उभं राहणं अशक्य होऊन तो मोज्यांकडे निघाला, आणि तिथे ती पोरगी आठापर्यंत आली होती.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या संध्याकाळी त्याने क्लेमला पाहिलं. म्हणजे रोज पाहायचा, पण रोज आपण वाडगा पाहतो. आता तो पाहत होता की मटणाचा तुकडा कापताना पोराच्या मनगटाला हाड आलंय. हनुवटीवर लव. कान आयडाचे. या डोक्यात ते निघालं? कुंपणाला धडकेपर्यंत चालणाऱ्या या पोराने चाळीस हजारांच्या आरोळ्या ऐकत, डोळ्यांत धूळ घेत, बापाच्या पाठीकडे पाहिलं आणि ठरवलं, आता पुरे? कवायतीपेक्षा अवघड आहे ते. पहिला "दोन" कुणीही म्हणतो, विसावा तर मेंढरूही म्हणतं; "एक" एकट्याने म्हणावा लागतो, आणि मागून कुणी आलं नाही तर त्याच्याबरोबर एकट्यानेच उभं राहावं लागतं. पास्कोला जन्मात असा "एक" म्हणता आला नव्हता. ही गोष्ट लक्षात आली तेव्हा तो बटाटा गिळत होता. त्याला राग यायला हवा होता, आणि येतही होता, पण रागाच्या खाली काहीतरी दुसरं हलत होतं, ऊबदार, किळसवाणं, अंड्यातल्या पिल्लासारखं. बेटा, तू केलंस? तू?

"शनिवारी तू कुठे होतास?" त्याने मंगळवारी विचारलं.

"तुम्हीच उभं केलं होतं ना, बाबा. दुसऱ्या रांगेत."

"गॉरीच्या मागे."

"हो, बाबा." क्लेमने मीठ ओढलं. "ताठ उभा होतो."

आयडाने सुया थांबवल्या, दोघांकडे पाहिलं, आणि पुन्हा सुरू केल्या. पास्को पुढे काही विचारू शकला असता. नाही विचारलं, कारण त्याला ते विचारून नको होतं, पोराने आपणहून सांगायला हवं होतं. रात्रभर नाही म्हणायचं, पण झोप लागेपर्यंत त्याने ते कोर्ट मनात उभं केलं: न्यायाधीश, बिकल, बाकावर गॉरी आणि त्याची ती लाल हातांची आई; आणि मागून एक खुर्ची सरकते, क्लेम उभा राहतो, आवाज फुटतो, पण तो म्हणतो, मी होतो. दुकान जाईल. कॅप्टनकी जाईल. डॉलसाहेबांचा पुतण्या हसेल. सगळी मेलबर्न नगरी हसेल. आणि त्या हसण्याच्या मधोमध उभं राहून पास्को म्हणेल, हो, माझाच मुलगा आहे. वाक्य त्याने दोनतीन तऱ्हांनी म्हणून पाहिलं. परीक्षेला हुकूम पाठ केले होते तितकं त्याने ते पाठ केलं. आयुष्यात एकदा तरी आपण कुणाच्या तरी मागे, मानाने, दुसऱ्या रांगेत उभं राहावं, असं त्याला वाटलं. मग त्याला स्वतःची चीड आली आणि तो कुशीवर वळला.

कोर्टाला फर्निचरच्या तेलाचा वास येत होता. न्यायाधीश म्हातारा होता, घोड्यांच्या शर्यतींचा शौकीन, आणि जेवणाआधी मोकळं व्हायचं हे त्याच्या बसण्यावरूनच कळत होतं. पास्को गणवेशात होता. बिकलने उभं राहून साम्राज्याबद्दल थोडं सांगितलं, न्यायाधीशाने घड्याळाकडे पाहिलं, आणि बिकल म्हणाला की पहिला साक्षीदार कॅडेट क्लेमंट पास्को. हे पास्कोला कुणी सांगितलं नव्हतं. कंपनीतला सर्वांत विश्वासू मुलगा म्हणून बिकलने त्याला शाळेतूनच परस्पर आणला होता; कॅप्टनच्या मुलाहून चांगला साक्षीदार कुठला? पास्कोने बाकाची कड घट्ट धरली. आता. क्लेम पिंजऱ्यात चढला, बायबलावर हात ठेवला, टाचा जुळवल्या. गॉरी त्याच्याकडे पाहत होता; रागाने नाही, उत्सुकतेनेही नाही, खिडकीतून रस्ता पाहावा तसा. बिकलने विचारलं की पहिला आवाज कुणाचा.

"गॉरीचा, सर," क्लेम म्हणाला, आणि "सर" म्हणताना त्याचा आवाज फुटला, सुरू झाला पुरुषाचा आणि संपला बाईचा. बाकांवर कुणीतरी खुदकन हसलं. न्यायाधीशही हसला, आजोबा हसतात तसा, आणि म्हणाला की या वयात सगळ्यांचंच असं होतं, घाबरू नकोस. पुरावा सगळ्या कोर्टासमोर येऊन, वाजून, निघून गेला होता आणि ऐकला तो फक्त तिघांनी. चौथी ती बाई. तिने मान उचलली आणि सरळ पास्कोकडे पाहिलं.

मग त्याचं नाव पुकारलं. चढायला पायऱ्या होत्या. पायऱ्या चढताना त्याच्या ध्यानात आलं की अजून वेळ आहे, एक वाक्य पुरे, आवाज माझ्या मुलाचा होता. पाठ केलेल्या वाक्याला थोडं वळवलं की झालं. पण ते वाक्य ज्या पोरासाठी पाठ केलं होतं ते पोर आता नव्हतं. समोर बसलं होतं ते दुसरंच, केस पाणी लावून बसवलेलं, गुडघ्यांवर हात, चेहऱ्यावर नम्र अशी वाट पाहणं. आणि हा चेहरा आपण कुठे पाहिलाय हे पास्कोला लगेच आठवलं. दुकानाच्या दारातल्या उंच आरशात, रोज सकाळी, कोट खाली ओढताना. त्याला वाटलं आता आपण याचा तिरस्कार करू शकू, आणि तिरस्काराच्या जोरावर खरं बोलू. तिरस्कार आला. पण तो येऊन त्याच्याजवळच बसला, घरच्यासारखा.

"आवाज ओळखलात?" बिकलने विचारलं.

"हो." दुकानातला आवाज आला, लोण्याचा. "गॉरीचा."

न्यायाधीशाने गॉरीला विचारलं की त्याला काही म्हणायचंय का. पोराचा घसा आता सुटला होता. तो उभा राहिला, एकदा मागे आईकडे पाहून घेतलं.

"मी नव्हतो, साहेब," तो हळू म्हणाला. "घसा बसला होता. असता, तर मीच असतो. त्याचंच वाईट वाटतं."

उद्धटपणा म्हणून न्यायाधीशाने किल्ल्याचे दिवस वाढवले आणि टोपी उचलली. कोण होतं ते गॉरीने सांगितलं नाही. जाताना तो क्लेमच्या शेजारून गेला, आणि क्लेमने पाय आत ओढून त्याला वाट दिली. बाई पास्कोपाशी आली. तो दार अडवून उभा होता म्हणून फक्त थांबली, आणि त्याला कळेपर्यंत थांबली, आणि तो बाजूला झाल्यावर गेली.

संध्याकाळी मटण होतं, थंड, पुदिन्याच्या चटणीशी. आयडाला कुणीतरी सगळं सांगितलं असावं, कारण तिने काही विचारलं नाही आणि बटाटे दोघांना सारखे वाढले. क्लेम व्यवस्थित जेवला. सुरी आणि काटा शेजारी शेजारी ठेवले, तोंड पुसलं, आणि बापाकडे पाहून त्या नव्या, नम्र, वाट पाहणाऱ्या चेहऱ्याने म्हणाला,

"बाबा, गॉरीच्या पट्ट्या आता रिकाम्या झाल्या ना?"

पास्कोच्या हातात चहाचा कप होता. तो त्याने खाली ठेवला. बशीवर, बरोबर मधे. कानशिलात द्यायला हवी, त्याला वाटलं, आणि उजवा हात उचललाही गेला असावा, कारण क्लेमने किंचित मान मागे घेतली. आयडा म्हणाली, "विल्फ," एवढंच. हात काही क्षण हवेत राहिला, काय करायचं ते न कळून, मग टेबलावर आला.

"सदरा आण," पास्को म्हणाला.

क्लेम उडी मारून गेला आणि खाकी सदरा घेऊन आला. पट्ट्याही घेऊन आला. त्या त्याच्याकडे कुठून आल्या हे कुणी विचारलं नाही. आयडाने शिवणाचा डबा पुढे सरकवला नाही, उलट आपलं विणकाम उचलून ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जोरात वाजवायला लागली. मग पास्कोने स्वतःच डबा उघडला. खाकीच्या दोऱ्यात तीन छटा असतात, एक हिरव्यावर जाते, एक पिवळ्यावर, एक मातीवर. चुकीची घेतली तर लांबून दिसतं. त्याने बाही दिव्याखाली धरली, रीळ लावून पाहिलं, दुसरं लावून पाहिलं. मग सुई उजेडाकडे धरून दोरा ओवला. एकाच खेपेला गेला. हात जरासुद्धा कापला नाही, आणि कापायला हवा होता असं वाटत वाटत त्याने पहिला टाका घातला.